गोष्ट षट्कर्णी झाली की

क्वांटम सिद्धांताचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे आपण बघितलं की इलेक्ट्रॉन वागणं बदलतो, बरोबर ना?" मग गाडी जाणिवेवर येते, आणि जाणिवेवरून 'जग आपल्या मनातच आहे' इथपर्यंत जायला तिला फार वेळ लागत नाही. मला या गप्पांचा कंटाळा येतो, पण विचारणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तकांनीच 'निरीक्षक' नावाचं एक पात्र रंगमंचावर आणून उभं केलं आणि त्याचं नेमकं काम काय, हे कधी धड सांगितलं नाही. मग ज्याला जे सुचेल ते संवाद त्याच्या तोंडी घातले गेले.

माझं मत असं झालं आहे, की त्या पात्राच्या नावावर जमा झालेली बरीचशी कामं प्रत्यक्षात हवा, प्रकाश आणि उष्णता करत असतात. ती ज्याच्या त्याच्या नावावर लिहून टाकली की निरीक्षकाच्या वाट्याला अगदी थोडं उरतं. उरतं ते मात्र अवघड आहे, आणि तेही सुटलं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सुरुवात कोहेरन्सपासून करायला हवी, कारण मोजमाप केल्यावर हातचं जातं ते हेच. १९८९ साली जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन जवळजवळ एकेक करून सोडले. पुढे जायला दोन वाटा आणि शेवटी नोंद करणारा पडदा. पडद्यावर एक ठिपका उमटतो, मग दुसरा, मग तिसरा. सुरुवातीला सगळा विस्कळीत कारभार, ठिपका कुठेही पडतो. ठिपके हजारोंच्या घरात गेले की त्यांतून पट्टे वर येतात: एक गर्दीचा, एक जवळजवळ रिकामा, पुन्हा एक गर्दीचा. गर्दीच्या पट्ट्यांपेक्षा मला रिकामे पट्टे जास्त अस्वस्थ करतात. एकच वाट उघडी असती तर त्या जागी इलेक्ट्रॉन पोचले असते. दुसरीही वाट दिली आणि ते यायचे थांबले. जास्तीचा रस्ता मिळाल्यावर पोचणारे कमी व्हावेत, हे साध्या शक्यतांच्या हिशेबात बसत नाही. शक्यतांची नुसती बेरीज होते, त्या एकमेकींना खोडत नाहीत.

खोडाखोड होते ती शक्यतांच्या मागे असलेल्या ॲम्प्लिट्यूडमध्ये, म्हणजे ज्यांचा वर्ग घेतला की शक्यता मिळते त्या आकड्यांमध्ये. प्रत्येक वाटेची एक ॲम्प्लिट्यूड असते आणि तिला एक फेज असतो, म्हणजे एक कोन. दोन वाटांच्या कोनांतला फरक जोवर ठाम आहे, तोवर त्या पुन्हा एकत्र आल्या की कुठे भर पडते आणि कुठे वजाबाकी होते. हा टिकून राहिलेला फरक म्हणजे कोहेरन्स. तो एकट्या डाव्या वाटेत नसतो, एकट्या उजव्या वाटेतही नसतो. तो दोघींच्या नात्यात असतो. त्यामुळे फक्त एका वाटेवर टपून बसणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. दोघी एकत्र आल्या तरच त्याचा पुरावा मिळतो.

मला हे नीट उमगलं ते डेन्सिटी मॅट्रिक्स कागदावर मांडताना. नाव भारदस्त आहे, पण दोन वाटांपुरतं बघायचं तर तो दोन ओळी आणि दोन रकान्यांचा चौकोन आहे. चार घरं. कर्णावरच्या दोन घरांत साध्या शक्यता: डाव्या वाटेची अर्धी, उजव्या वाटेची अर्धी. उरलेल्या दोन कोपऱ्यांत कोहेरन्स. कोपऱ्यांतही अर्धा-अर्धा असेल तर पट्टे अगदी ठळक दिसतात. कोपऱ्यांत शून्य असेल तर पट्टे नाहीत, आणि मग तो चौकोन निव्वळ अज्ञानाचा होतो: इलेक्ट्रॉन डावीकडे आहे किंवा उजवीकडे आहे, आपल्याला माहीत नाही, इतकंच. कर्णावरचे आकडे दोन्ही वेळा तेच असतात. क्वांटमचं जे काही क्वांटमपण आहे ते सगळं त्या कोपऱ्यांत. तेव्हापासून कुठलाही प्रयोग वाचताना मी आधी कोपऱ्यांचं काय झालं ते शोधते. बाकीचा मजकूर नंतर.

मोजमापात कोपऱ्यांचं काय होतं, याचा पहिला व्यवस्थित हिशेब जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ साली मांडला. त्यांनी यंत्रालाही क्वांटम नियम लावले. वस्तू डावीकडे असेल तर काटा डावीकडे आणि वस्तू उजवीकडे असेल तर काटा उजवीकडे वळतो, असं यंत्र घ्या. वस्तू दोन्ही वाटांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे दोन्ही शक्यता एकदम असलेल्या अवस्थेत असेल, तर क्वांटम अवस्था पुढे कशी बदलते ते सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणापुढे दुसरा इलाजच नाही. 'वस्तू डावीकडे, काटा डावीकडे' आणि 'वस्तू उजवीकडे, काटा उजवीकडे' या दोहोंची मिळून एक गुंतलेली अवस्था तयार होते. हा पहिला टप्पा. इथे अजून काहीही कोसळलेलं नाही. दुसऱ्या टप्प्यात या दोहोंपैकी एकच शिल्लक राहते. तो टप्पा समीकरणातून निघत नाही, वरून घालावा लागतो.

लोकांचे वाद होतात ते बहुतेक दुसऱ्या टप्प्यावर. मला पहिला टप्पा जास्त लक्ष देण्याजोगा वाटतो, कारण कोपरे तिथेच रिकामे होतात. काटा बाजूला ठेवून फक्त वस्तूचा चौकोन काढून बघा. कोपऱ्यातल्या आकड्याला आता एक गुणक चिकटलेला असतो: काट्याच्या दोन अवस्था एकमेकींशी किती जुळतात, तो आकडा. काटा हललाच नसेल तर दोन्ही अवस्था हुबेहूब सारख्या, गुणक एक, आणि कोहेरन्स जसाच्या तसा. काट्याच्या दोन अवस्था पूर्ण वेगळ्या ओळखता येत असतील तर गुणक शून्य आणि कोपरे साफ. काटा जेमतेम हलला असेल तर मधलाच काही आकडा. बर्टहोल्ड-गेओर्ग एंगलर्ट यांनी १९९६ साली याला नेटका आकार दिला. पट्टे किती ठळक आहेत त्याचा वर्ग, आणि वाट किती खात्रीने ओळखता येईल त्याचा वर्ग, या दोहोंची बेरीज एकाच्या वर जात नाही. जितकी बातमी बाहेर, तितके पट्टे फिके.

या गुणकात माणूस कुठेच नाही. काटा कुणी वाचला का, हे समीकरण विचारत नाही. वाचता येईल असा फरक जगात कुठेतरी उमटला, की त्याचं काम झालं.

आपण म्हणतो, गोष्ट षट्कर्णी झाली की फुटली. दोघांतलं गुपित तिसऱ्याच्या कानावर गेलं की ते गुपित राहत नाही, मग तिसरा ते पुढे कुणाला सांगो वा न सांगो. डाव्या आणि उजव्या वाटेतला फेजचा संबंध असाच दोघींतला मामला आहे. तिसऱ्याच्या कानी गेल्यावर तो फक्त त्या दोघींकडे बघून परत सापडत नाही. पण तो नाहीसाही झालेला नसतो. तिघांची मिळून जी अवस्था आहे तिच्यात तो शाबूत असतो. तो दिसायला तिसऱ्यालाही साक्षीला बोलवावं लागतं, एवढंच. ही उपमा इथेच सोडते, कारण माणसांच्या गुपितांना वजाबाकी करता येत नाही.

यावर एक जुनं आणि समंजस वाटणारं उत्तर असतं. इलेक्ट्रॉन कुठून गेला हे बघायला त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा धक्का बसतो, धक्क्याने पट्टे पुसले जातात. यात गूढ ते काय? हायझेनबर्गच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकापासून चालत आलेली ही समजूत. पुष्कळ प्रयोगांत धक्का असतोही. पण १९९८ साली जर्मनीत ड्यूर, नॉन आणि रेम्पे यांनी रुबिडियमच्या अणूंवर एक प्रयोग केला आणि या स्पष्टीकरणातली हवाच काढली. त्यांनी वाटेची नोंद अणूच्याच पोटात ठेवली. अणूच्या दोन अंतर्गत अवस्था असतात. मायक्रोवेव्हचे स्पंद असे दिले की एका वाटेने जाणारा अणू एका अवस्थेत जाईल आणि दुसऱ्या वाटेने जाणारा दुसऱ्या. मायक्रोवेव्हचा धक्का इतका किरकोळ, की त्याने पट्टे पुसले जाणं शक्यच नव्हतं. पट्टे तरीही गेले. ती अंतर्गत अवस्था त्या वेळी कुणी वाचतही नव्हतं. ती वाचता आली असती, तेवढं पुरलं.

याच धाग्यावरचा 'क्वांटम इरेझर' फारच बदनाम झालेला आहे. नोंद पुसली की पट्टे परत येतात, म्हणजे भूतकाळ बदलतो, अशी हाकाटी अधूनमधून ऐकू येते. प्रत्यक्षात पडद्यावरचा एकही ठिपका हललेला नसतो. नोंदीला वाटेऐवजी वेगळाच प्रश्न विचारायचा आणि तिच्या उत्तरांप्रमाणे ठिपक्यांचे दोन गट पाडायचे. एका गटात पट्टे दिसतात, दुसऱ्या गटात नेमके त्यांच्या उलटे. दोन्ही गट एकत्र केले की पुन्हा सपाट. तिसऱ्याला साक्षीला बोलावलं, तर नातं दिसलं. भूतकाळ होता तिथेच आहे.

इथून डिकोहेरन्स, म्हणजे आजूबाजूच्या जगाकडे बातमी फुटून कोहेरन्स जाणं, एका पावलावर आहे, आणि ते पाऊल टाकायला भौतिकशास्त्रज्ञांना जवळजवळ चाळीस वर्षं लागली याचं मला नवल वाटतं. फॉन नॉयमन यांच्या हिशेबात 'काटा' म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्रच असायला हवं, असं कुठेही म्हटलेलं नाही. जे काही वस्तूच्या दोन शक्यतांनुसार वेगवेगळं वळेल ते चालेल. हवेचा रेणू चालेल. भिंतीकडून आलेला उष्णतेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, चालेल. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एच. डीटर त्से यांनी १९७० साली लिहिलं, की मोठ्या वस्तू आजूबाजूच्या जगापासून कधी सुट्या नसतातच, आणि त्या सुट्या आहेत असं धरून केलेला विचार मुळातच चुकतो. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८०च्या दशकात व्होइचेख झुरेक यांनी तो विचार पुढे नेला, आणि १९८५ साली योस आणि त्से यांनी धुळीच्या कणावर आदळणाऱ्या हवेचा आणि प्रकाशाचा प्रत्यक्ष हिशेब मांडला. उत्तर असं, की अतिशय विरळ हवाही धुळीच्या कणाला दोन ठिकाणांच्या सुपरपोझिशनमध्ये फार काळ राहू देत नाही. रेणू कणावर आपटून परततो तो कणाची जागा घेऊनच.

झुरेक यांचं एक म्हणणं इथे कळीचं आहे. परिसर कुठलाही प्रश्न विचारत नाही, तो ठरावीकच प्रश्न विचारतो. रेणूंची टक्कर, प्रकाशाचं विखुरणं, विद्युत आकर्षण, सगळी बळं अंतरावर अवलंबून असतात. म्हणून परिसर बहुतेक वेळा 'कुठे?' एवढंच विचारतो. 'कुठे?' या प्रश्नाला ठाम उत्तर असलेल्या अवस्था टिकतात, त्यांच्या सुपरपोझिशन टिकत नाहीत. टेबल इथे आणि तिथे असं एकदम का दिसत नाही, याचं उत्तर टेबलापेक्षा टेबलाभोवतीच्या हवेत आहे.

आता व्हिएन्नातला एक प्रयोग जवळून बघू, कारण मला तो या सगळ्या विषयात सर्वांत आवडतो. तिथे आंतोन त्साइलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या, चेंडूसारख्या पोकळ फुलरीन रेणूचे पट्टे दाखवले होते. पुढे २००४ साली त्यांनी सत्तर अणूंचा रेणू घेतला आणि त्याला मुद्दाम तापवलं. भट्टीतून निघालेला रेणूंचा झोत लेझरमधून जातो, लेझर त्यांना तापवतो, मग ते निर्वातात ठेवलेल्या सोन्याच्या तीन जाळ्यांमधून जातात. जाळ्यांच्या फटी एकमेकींपासून सुमारे एक मायक्रोमीटरवर. लेझर मंद असताना पट्टे छान ठळक. लेझरची ताकद वाढवत नेली की पट्टे हळूहळू फिके होत जातात, आणि रेणूंचं तापमान ३००० केल्व्हिनच्या आसपास गेलं की जवळजवळ नाहीसे होतात.

या रेणूंना बाहेरून कुणीही हात लावलेला नाही, भोवती निर्वात आहे. मग बातमी फोडली कुणी? रेणूनेच. तापलेली कुठलीही वस्तू प्रकाश बाहेर टाकते, तसा तोही टाकतो. कोमट असताना तो जो अवरक्त प्रकाश सोडतो त्याची तरंगलांबी दोन वाटांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठी असते. असा फोटॉन नंतर पकडला तरी रेणू या फटीशी होता की शेजारच्या, हे त्याच्यावरून सांगता येणार नाही. म्हणून तो निरुपद्रवी. तापमान चढलं की फोटॉनांची संख्या वाढते आणि तरंगलांबी आखूड होते. आता एकेका फोटॉनमध्ये जागेची थोडी थोडी बातमी असते. ती बातमी घेऊन तो निर्वातपात्राच्या भिंतीवर जाऊन आदळतो आणि तिथे जिरतो. भिंत ते वाचत नाही. ती कुणाला सांगत नाही. पट्टे किती फिके व्हायला हवेत याचं गणित आधीच मांडता येतं, आणि प्रयोगातले आकडे त्याच्याशी जुळले.

म्हणून मला डिकोहेरन्स म्हणजे 'न वाचलेलं मोजमाप' असं म्हणायला आवडतं. मोजमापाचा पहिला टप्पा त्यात पूर्ण झालेला असतो. नोंद होते, फक्त ती विखुरलेली असते आणि कुणी गोळा केलेली नसते.

पॅरिसमध्ये सर्ज अरोश यांच्या गटाने १९९६ साली याची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी काटाच क्वांटम आकाराचा बनवला. अतिवाहक (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) नायोबियमचे दोन आरसे समोरासमोर, त्यांच्या मधे अडकलेलं मायक्रोवेव्ह क्षेत्र, हाच काटा, त्यात सरासरी तीन-चार फोटॉन. रुबिडियमचा एक फुगवलेला अणू, ज्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन पन्नासाव्या-एक्कावन्नाव्या पातळीत आहे, त्यातून सोडायचा. अणू एका अवस्थेत असेल तर क्षेत्राचा फेज एकीकडे वळतो, दुसऱ्या अवस्थेत असेल तर दुसरीकडे. अणू दोहोंच्या सुपरपोझिशनमध्ये पाठवला की काटा एकाच वेळी दोन दिशांना. श्रोडिंगर यांनी बंद पेटीत एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असं एक काल्पनिक मांजर ठेवलं होतं, त्याचं हे अगदी लहान पिल्लू. थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग दुसरा अणू पाठवून विचारायचं, दोन दिशांमधलं नातं अजून आहे का?

त्या आरशांमध्ये क्षेत्र साधारण १६० मायक्रोसेकंद टिकायचं. नातं मात्र त्याच्या कितीतरी आधी विरून जायचं, आणि दोन दिशांमधला कोन जितका मोठा तितकं लवकर. कारण उघड आहे. क्षेत्राची सगळी ऊर्जा जायला सगळे फोटॉन जावे लागतात. दिशा फुटायला एक फोटॉन निसटला तरी भागतं. काट्याच्या दोन दिशा जितक्या दूर, तितका त्या एका फोटॉनमधून निकाल जास्त स्पष्ट कळतो. याच प्रकारच्या कामासाठी अरोश आणि डेव्हिड वाइनलँड यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

हा फरक मोठ्या वस्तूंसाठी किती ताणला जातो, याचा झुरेक यांनी १९९१ साली दिलेला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एक ग्रॅमची वस्तू, नेहमीचं तापमान, दोन शक्यतांमध्ये एक सेंटिमीटरचं अंतर. कोहेरन्स जायला लागणारा काळ हा ऊर्जा विरायला लागणाऱ्या काळाच्या एकावर चाळीस शून्यं इतक्या पटीने कमी. म्हणजे ती वस्तू इतकी अलिप्त आहे की तिची ऊर्जा विरायला विश्वाच्या वयाएवढा काळ लागेल, असं धरलं तरी कोहेरन्स १० चा उणे २३ वा घात एवढ्या सेकंदांत गेलेला असतो. मांजराच्या पेटीचं झाकण कोण उघडतं आणि कधी, ही चर्चा त्यानंतर मला पोरकट वाटू लागली. झाकणाच्या आत हवा आहे, मांजराचं ऊबदार अंग आहे. पेटीला सगळं केव्हाच कळलेलं असतं.

एक गोष्ट मधेच सांगून ठेवते, कारण या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. कोहेरन्स गेल्यासारखं दिसलं की दर वेळी बातमी फुटलेली असतेच असं नाही. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर स्पिन एको, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय सिग्नलचा प्रतिध्वनी, बघितला होता. एक रेडिओ स्पंद दिला की सिग्नल उठतो आणि विझून जातो. सपाट रेघ. मग दुसरा स्पंद द्यायचा, आणि त्या दोन स्पंदांमध्ये जेवढं अंतर होतं तेवढंच पुढे गेल्यावर त्या सपाट रेघेतून सिग्नल आपोआप पुन्हा फुगून वर येतो. एर्विन हान यांनी १९५० साली शोधलेली ही करामत. अणुकेंद्रांना जाणवणारं चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडं वेगळं असल्यामुळे त्यांचे फेज फक्त पांगलेले असतात. उलटा फेरा दिला की ते परत जुळतात. बाहेर काहीच गेलेलं नसतं. खरी गळती झालेला भाग मात्र एकोमध्येही परत येत नाही, आणि एको दर वेळी किती खुजा होतो त्यावरूनच ती गळती मोजतात.

क्वांटम संगणक बांधणाऱ्यांचं सगळं आयुष्य या गळतीशी झगडण्यात जातं. १९९९ साली जपानमध्ये नाकामुरा, पाश्किन आणि त्साय यांनी अतिवाहक क्यूबिट, म्हणजे शून्य आणि एक यांच्या सुपरपोझिशनमध्ये राहू शकणारा क्वांटम संगणकाचा घटक, पहिल्यांदा चालवून दाखवला तेव्हा कोहेरन्स नॅनोसेकंदांत मोजायचा होता. आज चांगल्या क्यूबिटमध्ये तो शेकडो मायक्रोसेकंद टिकतो, निवडक ठिकाणी मिलिसेकंदाच्याही पुढे जातो. या मंडळींची अडचण गमतीची आहे. क्यूबिट जगापासून पूर्ण तोडला तर त्याला काही विचारता येणार नाही, आणि विचारता यावं म्हणून दार ठेवलं तर जग त्याच दाराने आत येतं.

ते दार म्हणजे क्यूबिटशेजारचा एक मायक्रोवेव्ह रेझोनेटर, एका ठरावीक वारंवारतेला घुमणारं सर्किट. क्यूबिट शून्यात आहे की एकात, यावर त्याची वारंवारता किंचित सरकते. मोजायची वेळ झाली की त्यात मायक्रोवेव्ह सोडायची, परत येणाऱ्या लहरीचा फेज बघायचा, निकाल मिळाला. आता समजा मोजायचं नाही, पण वरच्या, जरा गरम तारेतून उतरलेला एखादा भटका फोटॉन त्या रेझोनेटरमध्ये शिरला. तोही क्यूबिटची अवस्था आपल्या फेजमध्ये उतरवून घेतो आणि बाहेर निघून जातो. यंत्र तेच, फोटॉन त्याच जातीचा, समीकरणही तेच. तुम्ही पाठवला तर त्याला मोजमाप म्हणतात, न बोलावता आला तर डिकोहेरन्स. म्हणून तर ही यंत्रं निरपेक्ष शून्याच्या दहा-वीस मिलिकेल्व्हिन वर ठेवूनही तारांमध्ये फिल्टर आणि ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे भाग) बसवत बसावं लागतं.

याचा अर्थ मोजमाप म्हणजे कोहेरन्सचा शत्रूच, असाही कुणी लावेल. पीटर शोर यांनी १९९५ साली सुरू केलेली त्रुटी-दुरुस्तीची पद्धत बघितली की ती समजूत जाते. एकाच क्यूबिटची माहिती अनेक क्यूबिटांत अशी गुंफायची, की एकट्यादुकट्याला विचारून काहीच कळू नये. मग मोजमाप करत राहायचं, पण प्रश्न जपून विचारायचा. 'तू शून्य की एक?' असं कुणालाच विचारायचं नाही. 'तुम्ही दोघे एकसारखे आहात का?' एवढंच विचारायचं. या उत्तरात चूक झाली का आणि कुठे, ते कळतं, पण आत जपलेल्या सुपरपोझिशनबद्दल अवाक्षर नसतं, म्हणून तिला धक्का लागत नाही. इथे कोहेरन्स टिकतो तो वारंवार मोजल्यामुळे. जातं ते फक्त ज्याच्याबद्दल विचारलं त्याचं नातं.

इथवर सगळं जमलं. आता जे जमलेलं नाही ते.

डिकोहेरन्सने कोपरे रिकामे केले, पण कर्णावर अजून दोन आकडे आहेत. अर्धा आणि अर्धा. प्रयोगात मात्र एकच ठिपका पडतो, काटा एकाच बाजूला दिसतो. दोहोंतला हाच का? चौकोन याबद्दल गप्प आहे. कोपरे शून्य झालेला चौकोन अज्ञानाच्या चौकोनासारखा दिसतो, म्हणून 'आता ते खरोखर एक किंवा दुसरं आहे, आपल्याला फक्त ठाऊक नाही' असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. तो मोह टाळावा. वस्तू, काटा, हवा, भिंत या सगळ्यांची मिळून जी अवस्था आहे तिच्यात अजूनही 'आणि' आहे. 'किंवा' कुठेही आलेलं नाही. वस्तूपुरता चौकोन काढताना आपण बाकीच्यांवर बेरीज घेतली, आणि अशी बेरीज घ्यायची ती मॅक्स बॉर्न यांच्या, ॲम्प्लिट्यूडच्या वर्गातून शक्यता काढायच्या नियमावर भिस्त ठेवून. ज्या नियमाचं कारण हवं होतं तोच मधल्या ओळीत वापरून टाकलेला असतो. जॉन बेल यांनी १९९० मध्ये अशा स्पष्टीकरणांची चांगलीच हजेरी घेतली होती: सगळ्या व्यावहारिक कामांपुरतं हे ठीक आहे, पण तत्त्व म्हणून नाही. मला त्यांचं पटतं.

पुढे रस्ते फुटतात. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७च्या मांडणीत 'आणि' तसंच राहू द्यायचं. दोन्ही शाखा खऱ्या, डिकोहेरन्समुळे त्या एकमेकींना दिसत नाहीत इतकंच. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ साली उलट वाट धरली: समीकरणच थोडं बदलायचं, म्हणजे मोठ्या वस्तू आपल्याआपणच एका बाजूला कोसळतील. कुणाला वाटतं की अवस्था हे मुळात आपल्या माहितीचंच वर्णन आहे, तेव्हा तिच्या कोसळण्याचं एवढं काय घेऊन बसलात. मला यातला शेवटचा पर्याय सगळ्यात कमी रुचतो. व्हिएन्नाच्या निर्वातपात्राच्या भिंतीला कसली आली माहिती? पण तो आवडीनिवडीचा भाग झाला.

एव्हरेटच्या शाखा आणि कोसळणारी समीकरणं यांच्यात निदान एक फरक प्रयोगाने तपासता येतो, आणि माझं लक्ष हल्ली तिकडे असतं. डिकोहेरन्सला कारण लागतं: एखादा रेणू आदळला, फोटॉन सुटला, जाळी थरथरली. कोसळण्याच्या सिद्धांतांत कारण लागत नाही. तेव्हा वस्तू जड करत जायची, गळती कमी करत जायची, उरलेल्या गळतीचा पै-पैचा हिशेब ठेवायचा आणि पट्ट्यांचा फिकेपणा त्या हिशेबापेक्षा जास्त निघतो का ते बघायचं. २०१९ साली व्हिएन्नाच्या गटाने २५,००० डाल्टनहून (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन) जड, जवळपास दोन हजार अणूंच्या रेणूंचे पट्टे मिळवले. इटलीत ग्रान सासोच्या डोंगराखाली, कोसळताना सुटायला हवा असा किरणोत्सर्ग शोधला गेला. तो सापडला नाही, आणि त्यामुळे गुरुत्वाकर्षणावर बेतलेला कोसळण्याचा सगळ्यात साधा आराखडा मोडीत निघाला. बाकीचे आराखडे अजून उभे आहेत, कारण त्यांतले आकडे सरकवायला जागा आहे. रेणू दर काही वर्षांनी आणखी जड होतात आणि ती जागा तेवढी कमी होते. आजवर जिथे जिथे पट्टे फिके पडले, तिथे बातमी कुणी नेली ते सापडलं आहे.